तीन तीन तीन आणि शेवटी एक

वर्तमानपत्राच्या कचेरीत दोन प्रकारचे लोक आपल्या पायांनी येतात. एक, ज्यांच्यावर अन्याय झालेला असतो. दुसरे, ज्यांनी शोध लावलेला असतो. अन्यायवाल्यांना बातमीदार भेटत. शोधवाल्यांना माझ्याकडे पाठवले जाई. पिंपरी आवृत्तीत मी उपसंपादक होतो आणि बी.एस्सी. होतो, एवढे कारण पुरेसे मानले गेले.

या परिसरात शोधांना तोटा नाही. ज्या पट्ट्यात घराघरात कोणीतरी लेथवर, प्रेसवर किंवा असेंब्लीवर उभा आहे, तिथे कविता कमी होतात आणि यंत्रे जास्त. पाण्यावर मोटारसायकल चालवणारे एक गृहस्थ आले होते. सुरुवातीला थोडे पेट्रोल लागते, असे त्यांनी शेवटी सांगितले. एका निवृत्त फोरमनने आपोआप फिरणारे चाक आणून माझ्या टेबलावर ठेवले आणि ते खरोखर फिरले. मी पंखा बंद केला, तेव्हा थांबले. तुमच्या कचेरीत नकारात्मक ऊर्जा आहे, असे म्हणून ते चाक घेऊन निघून गेले. ऊर्जेबाबत त्यांचे फारसे चुकले नव्हते.

बाहेरच्या वाचकासाठी हे काम काय असते ते सांगतो. माणूस जे म्हणतो ते लिहून घ्यायचे, त्याला पुरावा मागायचा आणि त्याच्या तयारीत नसलेला एक प्रश्न विचारायचा. बहुतेक शोध त्या एका प्रश्नाला मरतात. अडचण अशी की वर्तमानपत्राला ते मेलेले नको असतात. त्यासाठी धंद्याने एक वाक्य घडवून ठेवले आहे: 'असा दावा त्यांनी केला आहे.' हे वाक्य शेवटी जोडले की सूर्य पश्चिमेला उगवल्याची बातमीही छापता येते. माझ्या नोकरीत मी ते वाक्य जेवढे कापले, तेवढेच माझ्या वरिष्ठांनी परत लावले.

व्यंकट बिरादार आमच्याकडे आला तो आमच्याच एका मथळ्यामुळे.

मूळ संख्या सगळ्यांना शाळेत शिकवतात आणि सगळे विसरतात. जिला एकाने आणि स्वतः तिने सोडून दुसऱ्या कशानेही निःशेष भाग जात नाही, ती मूळ संख्या. सात आहे, तेरा आहे, एकतीस आहे. पंधरा नाही, कारण तिला तीनने भाग जातो. अशा संख्यांना शेवट नाही, हे दोन हजार वर्षांपूर्वीच सिद्ध झाले आहे. कितीही मोठी दाखवा, तिच्यापुढे आणखी मोठी असतेच. तरीही अधूनमधून परदेशातून बातमी येते, की संगणकांच्या साहाय्याने आजवरची सर्वांत मोठी ज्ञात मूळ संख्या सापडली. या वाक्यात महत्त्वाचा शब्द एकच, 'ज्ञात'. आमच्या मथळ्यात तो एका स्तंभात बसेना, म्हणून काढला गेला. सकाळी पिंपरी-चिंचवडला समजले की जगातली सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली आणि विषय संपला.

तीन दिवसांनी कंपनीच्या गणवेशातला एक माणूस माझ्या टेबलासमोर उभा राहिला. वय चाळिशीच्या अलीकडचे, खिशाला ओळखपत्र. चाकणच्या एका पुरवठादार कंपनीत तो क्वालिटीत होता. म्हणजे मशीनवरून उतरलेले गिअर मोजून पास किंवा नापास करणे हे त्याचे काम.

"सर, तुमची बातमी चुकीची हाय," तो म्हणाला.

"आहेच," मी म्हणालो. "बसा."

त्यामुळे तो थोडा गोंधळला. वर्तमानपत्राने लगेच मान्य करावे याची त्याची तयारी नव्हती.

"म्हणजे सगळ्यात मोठी कसली? मी त्यापेक्षा मोठी काढून देतो. लागंल तेवढी मोठी. फॉर्म्युला हाय आपल्याकडं."

त्याने माझ्या टेबलावरचा कागद ओढून लिहायला सुरुवात केली. ३१. खाली ३३१. खाली ३३३१. प्रत्येक ओळीत डावीकडे एक तीन वाढत होता. शेवटची ओळ ३३३३३३३१ होती.

"ह्या सातही मूळ संख्या हायत. एकेक चेक केलीय. तीन कितीबी वाढवा, शेवटी एक लावा, मूळ संख्या तयार."

"सगळ्या कशा तपासल्या?"

"भागून. कॅल्क्युलेटरवर. चहाच्या सुट्टीत. शेवटच्या पीसला लई महिने गेले."

"मोबाइलवर लवकर झालं नसतं का?"

"मोबाइल गेटवर जमा होतो, सर. आत फक्त टेबलावरचा कॅल्क्युलेटर. साधा. आठ आकडी."

मी ओळी पुन्हा पाहिल्या. शेवटची ओळ आठ आकडी होती.

"आठवी का नाही तपासली?"

यावर तो हसला. पहिल्यांदाच कोणी त्याच्या विषयातले विचारले होते. "असं बघा सर. मशीन सेट केलं की पहिला पीस मोजतात. ओके आला की पुढचे काही सलग मोजतात. आमच्या लाइनला सात. सातही ओके आले की लॉट पास. मग हजार निघू दे नाहीतर लाख. सगळे मोजत बसलो तर गाडी कधी भरायची?"

"पण हा लॉट किती मोठा आहे?"

"तेच तर सांगतोय. संपतच नाही."

हे तो अभिमानाने म्हणाला. सात नग मोजून त्याने अनंत नगांचा लॉट पास केला होता. कारखान्यात ही पद्धत चालते, कारण तिथे नग एकाच मशीनवरून, एकाच हत्याराने निघतात. संख्यांना मशीन नसते. पण त्या दिवशी माझ्याकडे याहून पक्का आक्षेप नव्हता, आणि सात ओळी खऱ्या होत्या. मी म्हणालो, तपासून सांगतो.

मी तपासण्याआधी इतरांनी मान्यता देऊन टाकली. हेही नेहमीचेच. त्याच्या मेव्हण्याने तो कागद व्हॉट्सॲपवर फिरवला होता. दिघीच्या रस्त्यावर ज्यांच्या स्पर्धा परीक्षांच्या क्लासच्या पाट्या दर खांबाला आहेत, त्या नाईकनवरे सरांनी तो पाहिला. सरांचा विषय गणित नव्हता, जाहिरात होता. त्यांनी व्यंकटला क्लासमध्ये गणित विभागप्रमुख होण्याचे सुचवले, सोमवारपासून. रविवारी सत्कार ठरला. सत्काराला अध्यक्ष लागतो, म्हणून भागातले माजी नगरसेवक, ज्यांना सगळे तात्या म्हणतात, ते आले. सत्काराची बातमी लागते, म्हणून मुख्य उपसंपादकांनी मला तात्यांकडे पाठवले.

तात्या गावातल्या जुन्या घराण्यातले. जमीन गेली, तिच्या जागी गाळे आणि इमारती आल्या, आणि तात्यांचे राजकारण एकाच शब्दावर उभे राहिले: मूळ. मूळ गावकरी, मूळ रहिवासी, मूळ हक्क. त्यांनी मला चहा दिला आणि पुढे सरकून विचारले,

"किती भरली मग?"

"काय?"

"मूळ संख्या. आपल्या लोकांची. सापडली म्हनं ना?"

मी सांगितले, की ही गणितातली संख्या आहे.

"आमचं बी गणितच हाय की. मूळ किती, बाहेरचे किती. वॉर्डाचं समदं त्याच्यावरच चालतं."

मी व्याख्या सांगितली. जिला कोणाचाच भाग जात नाही, अशी संख्या.

तात्यांनी विचार केला. "मग ती आमची न्हाई. आमच्या भावकीत समद्यांचे भाग गेले. आता पाडायला काय उरलं न्हाई." खोलीतले सगळे हसले. मग ते गंभीर झाले. "पर शब्द चांगला हाय. फ्लेक्सवर घ्या."

व्यंकट लातूरकडचा आहे, हे मी त्यांच्या कानावर घातले.

"आसू दे. मतदान हितंच हाय ना त्याचं?"

कचेरीत परतलो तेव्हा एक बाई माझी वाट पाहत बसल्या होत्या. व्यंकटच्या पत्नी, सुनंदा. त्यांनी पाणीही घेतले नाही.

"साहेब, बातमी देऊ नका."

"का?"

"शनिवारी राजीनामा देऊ लालेत. लिहून खिशात ठेवलाय. तुमची बातमी आली की मग ब्रह्मदेवाचं ऐकायचे नाहीत." त्या थांबल्या. "परमनंट हायत ते. तुम्हाला ठाऊक असंल आजकाल परमनंट काय असतंय. आमच्या चाळीत बाकीचे सगळे कॉन्ट्रॅक्टवर. सहा-सात महिने झाले की गेटपास काढून घेतात, पुन्हा नवी कंपनी. हे केस पांढरे व्हायला लागले तेव्हा परमनंट झाले. आणि आता तीनाच्या पुढं तीन लिहून सोडतो म्हणतात."

"क्लासमध्ये नोकरी मिळते आहे ना?"

"क्लासवाला पुढच्या वर्षी दुसरा फोटो लावंल. मग?"

या पट्ट्यात परमनंट या शब्दाला जे वजन आहे ते इतर कोणत्याच शब्दाला नाही. तो लग्नाच्या स्थळात पदवीच्या आधी सांगतात. सुनंदाबाईंचे म्हणणे बरोबर होते. पण मी त्यांना जे सांगितले ते कोरडे होते आणि आजही तेच सांगेन. कोणाच्या घराचे नुकसान होईल म्हणून बातमी थांबत नाही. ती खोटी असेल तरच थांबते.

"मग खोटी हाय का बघा," त्या म्हणाल्या आणि उठल्या.

त्या गेल्यावर मी आठवी ओळ लिहिली. आठ तीन आणि एक. कॅल्क्युलेटर घेतला नाही. नऊ आकड्यांच्या संख्येला लहान मूळ संख्यांनी भागून पाहणे ही शाळेतली रीत आहे. सात, अकरा, तेरा, प्रत्येक वेळी बाकी उरली. मग सतरा घेतले. तेहतिसात सतरा एकदा, बाकी सोळा. तीन खाली घेतला. असे करत शेवटी पाचावर एक आला, एक्कावन्न. सतरा त्रिक एक्कावन्न. बाकी शून्य.

३३३३३३३३१ म्हणजे सतरा गुणिले १९६०७८४३. कोणत्याही वाचकाने गुणून पाहावे. व्यंकटच्या सात ओळी खऱ्या होत्या. त्याच्या कॅल्क्युलेटरवर न मावणारी पहिलीच संख्या खोटी होती.

मुख्य उपसंपादकांना कागद दाखवला. ते म्हणाले, "मग शेवटी 'असा दावा त्यांनी केला आहे' टाक." मी म्हणालो, दावा खोटा आहे. ते म्हणाले, "दावा केला हे तर खरं आहे ना?" क्लासची पानभर जाहिरात रविवारच्या अंकात होती. वाद तिथे संपला.

शनिवारी सकाळी मी दिघीला व्यंकटच्या घरी गेलो. त्याची दुसरी पाळी होती, दुपारी बस. गणवेश घालून तो तयार होता आणि राजीनाम्याचा लिफाफा खिशातून वर डोकावत होता. सुनंदाबाई आतल्या दाराशी उभ्या राहिल्या. मी भागाकार समोर ठेवला.

त्याने तो वरून खाली वाचला. मग पेन मागितला आणि शेजारी स्वतः केला. त्याचीही बाकी शून्य आली.

मला अपेक्षित होते की तो भांडेल. शोधवाले भांडतात; सतरा हा अपवाद धरा म्हणतात. व्यंकटने वेगळे विचारले.

"एकच पीस हाय, का रिपीट होतंय?"

मला माहीत नव्हते. मी तसे सांगितले.

"बघावं लागंल," तो म्हणाला. "एक पीस मटेरियलमुळं जातो. रिपीट असंल तर सेटिंगच चुकलं."

तो पुढे भागत गेला, तीनामागून तीन खाली घेत. कागद भरला, दुसरा घेतला. मग त्याने दोन बाक्यांवर बोट ठेवले. सोळा घरे झाली की बाकी पुन्हा तीच येत होती, आणि मग सगळी रांग तशीच पुन्हा. म्हणजे आठवीपासून दर सोळाव्या ओळीला सतराचा भाग जाणार, शेवटापर्यंत, आणि शेवट तर नव्हताच.

"गिअरचा एक दात तुटला असला ना सर, की दर फेऱ्याला तिथंच ठोका बसतो," तो म्हणाला. "आवाजावरून कळतं." मग थोड्या वेळाने, स्वतःशीच बोलल्यासारखे, "पहिल्या पीसनं बघू."

पहिला पीस म्हणजे एकतीस. त्याने तीनांच्या रांगेला एकतिसाने भागायला घेतले. सोळा तीन आणि एक लिहून झाले तेव्हा बाकी शून्य आली. ज्या संख्येवरून त्याने सगळा लॉट पास केला होता, तीच पुढे जाऊन त्याच लॉटला कापत होती. इतका पूर्ण पराभव मी क्वचित पाहिला आहे, आणि तो त्याने स्वतःच्या हाताने, नीटनेटक्या आकड्यांत लिहिला होता.

"लॉट रिजेक्ट," तो म्हणाला.

सुनंदाबाईंनी पुढे येऊन त्याच्या खिशातला लिफाफा काढून घेतला. "डबा घ्या," त्या म्हणाल्या, "बस येईल." तो डबा घेऊन गेला.

मी नाईकनवरे सरांना फोन केला. सर शांतपणे म्हणाले, "सतरानं भाग जातो हे विद्यार्थ्यांना कुठं कळणार आहे?" गणित शिकवणाऱ्या संस्थेच्या संचालकाचे हे वाक्य मी जसेच्या तसे टिपून घेतले होते. छापले गेले नाही. तात्यांनी तर ऐकूनही घेतले नाही. "फ्लेक्स लागलाय, मंडप घातलाय. आता भाग जाऊ दे न्हाईतर जीव जाऊ दे."

फ्लेक्स चौकात लागला होता. वर तात्यांचा फोटो, त्याखाली तात्यांच्या दोन पुतण्यांचे, कोपऱ्यात व्यंकटचा. मध्ये 'मूळ भूमीतून मूळ संख्या!' आणि त्याखाली या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनांची माळ. शेवटी एक नव्हता. फ्लेक्सवाल्याकडे जागा संपली, त्याने शेवटचा आकडा कडेच्या, मागे दुमडायच्या पट्टीत घेतला. म्हणजे चौकात टांगलेल्या संख्येत नुसते तीन होते, आणि तिला तीनने भाग जातो हे तिसरीतल्या मुलालाही सांगता आले असते. सत्काराला शिक्षक होते, अभियंते होते, एका महाविद्यालयाचे उपप्राचार्य होते. कोणी वर पाहिले नाही.

शाल घालून झाल्यावर व्यंकटला बोलायला उभे केले. त्याने माइक हातात धरला आणि तपासणीचा अहवाल वाचावा तसे बोलला.

"मी सांगितलेला फॉर्म्युला चुकीचा हाय. आठव्या पीसला सतरानं भाग जातो. दर सोळा पीसला रिपीट हाय. लॉट रिजेक्ट केलेला हाय."

तो थांबला. मंडपात टाळ्या झाल्या, भरपूर आणि मनापासून. कोणी ऐकत नव्हते. बोलणे थांबले की टाळ्या वाजवायच्या एवढेच लोकांना ठाऊक होते. त्यानंतर तात्या उभे राहिले. व्यंकटने सतरा या संख्येचा शोध लावून गावाचे नाव मोठे केले, असे त्यांनी सांगितले. त्यालाही टाळ्या झाल्या. बायकांच्या खुर्च्यांत एकट्या सुनंदाबाई हात न हलवता बसल्या होत्या.

सोमवारच्या अंकात आमच्याकडे सत्काराचा तीन स्तंभी फोटो आला. मी पाठवलेल्या चार ओळी आल्या नाहीत. दावा केल्याचे मात्र छापले होते. ज्या माणसाने दावा मागे घेतला, त्याच्या नावावर.

मंगळवारी त्याहून मोठी बातमी आली. फ्लेक्सवर अज्ञात इसमाने तांबडा रंग फासला होता. तीनांच्या माळेच्या शेवटी, जिथे एक हवा होता तिथे, लाल फुली. तात्यांच्या कार्यकर्त्यांनी चौकात निषेध केला. मूळ संख्येचा अपमान हा मूळ गावकऱ्यांचा अपमान आहे, असे निवेदन पोलिसांना देण्यात आले. ही बातमी आमच्याकडे पहिल्या पानावर गेली आणि ती लिहायचे काम मला मिळाले. 'विटंबना' हा शब्द मुख्य उपसंपादकांनी घातला.

मी सकाळी त्या चौकात गेलो होतो. चाकणला जाणाऱ्या कंपन्यांच्या बस तिथून वळतात. गणवेशातले लोक खिडकीतून फ्लेक्सकडे पाहत आणि एकमेकांना कोपराने ढोसत. थांब्यावरच्या दोघांचे बोलणे कानावर पडले.

"भावा, रिजेक्ट मारलाय बघ."

"क्वालिटीवाला असणार. फुली बघ ना कशी घातलीय. खाडाखोड नाही."

कारखान्यात नापास नगाला लाल खूण करून वेगळ्या ट्रेमध्ये ठेवतात, म्हणजे तो चुकून चांगल्यांत मिसळत नाही. चौकात निषेध करणाऱ्या कोणालाही हे ठाऊक नव्हते. समोरून गेलेल्या प्रत्येक बसला ते ठाऊक होते.

व्यंकट दुसऱ्या पाळीच्या बससाठी दुपारी थांब्यावर आला. बोटांच्या नखांत थोडा तांबडा रंग राहिला होता. मी त्याला सांगितले, की उद्याच्या अंकात विटंबना म्हणून येणार आहे.

"विटंबना कसली?" तो म्हणाला. त्याला खरोखर कळले नव्हते. "पास मीच केला होता ना? मग रिजेक्टची खूण दुसऱ्या कोणाची चालत नाही. ज्यानं पास केला त्यालाच मारावी लागती."

बस आली. तो चढला.